वेब्ले रिव्हॉल्व्हरचा ऱ्हास झाला काय ?

आमच्या स्नेहांतील एका वृद्ध संग्राहकांनीं कांहीं महिन्यांपूर्वीं आपल्या घरचीं दोन शस्त्रें आम्हांस दाखविलीं. दोन्ही परवान्यावरचीं, दोन्ही वारशानें आलेलीं, आणि दोहोंवर बर्मिंगहॅमच्या वेब्ले कारखान्याचें नांव. पहिलें त्यांच्या आजोबांच्या वेळचें, .४५५ बोअरचें, चौथ्या मार्कचें. दुसरें त्यांच्या वडिलांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत लष्करी नोकरींत असतांना घेतलेलें, .३८ बोअरचें. या दुसऱ्याच्या अंगावर रेतीच्या ओरखड्यांसारख्या खुणा जागोजाग दिसतात, आणि त्याच्या चौकटीवर रोमन अक्षरांत ‘वॉर फिनिश’ असे दोन शब्द ठोकलेले आहेत. सदर गृहस्थांचें म्हणणें असें कीं, जुनें तें सोनें; कारखान्याची कळा पुढें उतरली आणि ती उतरल्याची कबुली कारखान्यानेंच या दोन शब्दांनीं लिहून दिली. एका कारागिरानें त्यांस सल्ला दिला होता कीं, दुसरें शस्त्र घासूनपुसून त्यावर नवा निळा रंग चढवावा, म्हणजे तो ‘कलंक’हि जाईल. आम्हीं त्यांच्याकडे आठ दिवसांची मुदत मागून घेतली. प्रस्तुत लेख त्या आठ दिवसांचें फळ आहे.

वेब्ले पूर्वीं भरंवशाचें होतें, पुढें तसें राहिलें नाहीं, हें मत केवळ या एका गृहस्थांचें नव्हे. जुन्या शस्त्रांचा शोक असलेल्या मंडळींत तें इतकें रूढ आहे कीं, त्याला पुरावा मागणेंहि कित्येकांस औद्धत्य वाटतें. परंतु पोथी पुढें आली असतां आपण प्रथम काय विचारतों ? ती कोणाची, कोणत्या हातची, कोणत्या सालची, आणि मागाहून तिच्यांत कोणी काय घातलें वा खोडलें. लोखंडाच्या वस्तूस हेच प्रश्न न विचारण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. तसे ते विचारले म्हणजे या रूढ मतांतील ‘वेब्ले’ हा शब्द आणि ‘भरंवसा’ हा शब्द, दोन्ही डळमळूं लागतात.

प्रथम नांवाचाच विचार करूं. फिलिप आणि जेम्स हे वेब्ले बंधु बर्मिंगहॅमचे बंदूककार. त्यांच्या घराण्याच्या रिव्हॉल्व्हरांस खरी प्रतिष्ठा लाभली ती सन १८६८ मध्यें आयर्लंडच्या शाही पोलीसदलानें त्यांचा नमुना स्वीकारल्यामुळें. पाठोपाठ सन १८७२ मध्यें ‘ब्रिटिश बुलडॉग’ नांवाचें आंखूड नळीचें, खिशांत मावणारें रिव्हॉल्व्हर निघालें. तें इतकें खपलें कीं, बेल्जमच्या लिएजमध्यें व अमेरिकेंत त्याच्या नकला होऊं लागल्या, आणि ‘बुलडॉग’ हें एका कारखान्याच्या मालाचें नांव न राहतां एका जातीचें नांव झालें. सन १८८१ च्या जुलईंत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांजवर गिटो नामक इसमानें गोळ्या झाडल्या त्या अशाच एका बुलडॉगांतून. पुढें हें शस्त्र संग्रहालयांत शोभून दिसावें म्हणून त्यानें हस्तिदंती मुठीचें पसंत केलें, असें सांगतात. तें सरकारजमा झालें, त्याचें छायाचित्रहि निघालें, आणि मग तें शस्त्रच गहाळ झालें ! संग्रहालयासाठीं निवडलेली वस्तु संग्रहालयासच मुकली, हा दैवदुर्विलास आमच्या वाचकांस विशेष जाणवेल. सांगण्याचा मुद्दा हा कीं, सन १९०० पूर्वींच्या एखाद्या बुलडॉगानें दगा दिला वा साथ केली अशी नोंद कोठें आढळली, तर ती बर्मिंगहॅमच्या खातीं मांडावी कीं लिएजच्या, हें वस्तु समोर असल्यावांचून ठरत नाहीं.

लष्कराकडे वेब्ले गेलें तें सन १८८७ मध्यें. त्याच्या अगोदर सात वर्षें इंग्लंडच्या फौजेंत एन्फील्डच्या सरकारी कारखान्याचें रिव्हॉल्व्हर चालत होतें. त्याची रचना मोठी चमत्कारिक होती. नळी खालीं दाबली म्हणजे चक्र पुढें सरकून रिकामीं काडतुसें गळून पडावीं अशी योजना होती. परंतु तळच्या बाजूचें काडतूस पुष्कळदां तेथेंच अडकून राही. या अडचणीस कंटाळलेल्या फौजेच्या हातीं वेब्लेचा पहिला मार्क पडला. तो मधोमध मोडून उघडावयाचा आणि सहाहि काडतुसें एकदम वर उचलून टाकावयाचीं. पहिला करार १०,००० नगांचा, प्रत्येकीं ३ पौंड १ शिलिंग १ पेनी या दरानें झाला. वेब्लेच्या कीर्तीचा पाया येथें आहे. आणि तो पाया अंशतः त्याच्या स्वतःच्या गुणांचा, अंशतः आधीच्या शस्त्राच्या अवगुणांचा आहे, हें विसरतां कामा नये. वाईटामागून आलेलें चांगलें लोकांस उत्तम वाटतें.

आतां ऱ्हासवाद्यांचें मुख्य आसन जें ‘आरंभींचें सुवर्णयुग’, तें पाहूं. पहिल्या मार्कचे सहा मार्क होईपर्यंत २८ वर्षें गेलीं, आणि यांतील बहुतेक पुढच्या मार्कच्या पोटीं मागच्याच्या कोणत्या तरी उणिवेची कबुली आहे. पहिल्या मार्कमध्यें काडतुसांच्या बुडाशीं असलेली चौकटीची पाठ वारंवारच्या धक्क्यानें झिजूं लागली. म्हणून तेथें कठीण पोलादाची पट्टी बसविण्यांत आली, व अशा दुरुस्त केलेल्या नगांच्या मार्कपुढें ताऱ्याची खूण ठोकण्यांत आली. सन १८९४ च्या दुसऱ्या मार्कांत ती पट्टी मुळांतच आली आणि घोड्याची घडण बदलली. सन १८९७ च्या तिसऱ्या मार्कांत चक्र काढून साफ करण्याची सोय सुधारली. सन १८९९ च्या चौथ्या मार्कांत पोलाद अधिक चांगलें वापरलें गेलें. बोअर युद्धांत गेला तो मुख्यतः हाच, आणि आमच्या स्नेह्यांच्या आजोबांचें शस्त्र याच मार्कचें. सन १९१३ च्या पांचव्यांत चक्राचा व्यास वाढविला, कारण काळ्या दारूची जागा कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूनें घेतली होती आणि तिचा जोर सोसण्यास चक्राची भिंत जाड हवी होती. सन १९१५ च्या सहाव्यांत नळी ६ इंचांची झाली व पोपटाच्या चोंचीसारखी वांकडी मूठ जाऊन चौकोनी बुडाची मूठ आली.

या मालिकेस कोणी ऱ्हास म्हणेल काय ? उलट, एखाद्या ग्रंथकारानें आपल्याच ग्रंथाची प्रत्येक आवृत्ति शुद्धिपत्र हातीं घेऊन छापावी तसा हा प्रकार आहे. ज्या पहिल्या मार्कास आज संग्राहक डोक्यावर घेतात, तो त्याच्या काळीं काळ्या दारूवर चालत होता. आणि काळ्या दारूची काजळी चक्र व नळी यांच्या फटींत बसून चक्र जड होणें हा त्या काळच्या सर्वच रिव्हॉल्व्हरांचा रोग होता. आज तें शस्त्र तेल लावून मखमलीवर ठेवलेलें असतें, एकहि गोळी उडवावी लागत नाहीं. मग तें दगा देईल कोठून?

याच कारखान्याच्या दोन उत्पादनांविषयीं मात्र तक्रारीस खरोखरीच जागा होती, आणि गंमत अशी कीं, दोन्ही त्याच्या भरभराटीच्या काळांतलीं आहेत. सन १९०१ मध्यें निघालेलें ‘वेब्ले-फॉस्बरी’ हें त्यांतील पहिलें. याचा जनक जॉर्ज फॉस्बरी हा बंगालच्या फौजेंतील अधिकारी. सन १८६३ च्या अंबेला मोहिमेंत त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. गोळी सुटतांना बसणाऱ्या धक्क्यानेंच शस्त्राचा वरचा भाग मागें सरकावा, घोडा चढावा आणि चक्र फिरावें, अशी ही योजना. चक्राच्या अंगावर त्यासाठीं नागमोडी खांचा कोरलेल्या असत. नेमबाजीच्या मैदानावर हें यंत्र अप्रतिम चालत असे. परंतु त्या खांचांत आणि सरकत्या भागांत चिखल शिरला कीं तें अडे, आणि मूठ घट्ट धरली नाहीं तर वरचा भाग पुरता मागें येतच नसे. फौजेनें तें कधींच अधिकृतपणें स्वीकारलें नाहीं. दुसरें, सन १९१३ च्या सुमारास आरमारानें घेतलेलें .४५५ बोअरचें स्वयंचलित पिस्तूल. त्याचे भाग इतके नेमके व घट्ट बसविलेले असत कीं, थोडीशी घाणहि त्यास सहन होत नसे. म्हणजे कारागिरी अधिक सूक्ष्म, आणि भरंवसा तितका कमी ! सुबक घडणीवरून भरंवशाचें अनुमान करणाऱ्यांनीं या उदाहरणाचा विचार करावा.

पहिल्या महायुद्धांत सहाव्या मार्कचे सुमारें तीन लाख नग तयार झाले. तेवढ्यानेंहि गरज भागली नाहीं, म्हणून सन १९१५ पासून सरकारनें स्पेनमधील दोन कारखान्यांकडून .४५५ बोअरचीं रिव्हॉल्व्हरें घेतलीं. अमेरिकन कोल्ट व स्मिथ-वेसन यांचींहि आलीं. युद्ध संपल्यावर सहावा मार्कच खुद्द एन्फील्डच्या सरकारी कारखान्यांत सन १९२१ ते १९२६ पर्यंत तयार होत होता. तेव्हां ‘महायुद्धांतलें फौजी रिव्हॉल्व्हर’ एवढ्याच वर्णनावर एखादी आठवण वेब्लेच्या नांवें टांकणें म्हणजे कर्त्याचें नांव नसलेला अभंग भणितेवांचून तुकोबांच्या गाथेंत घुसडण्यासारखें आहे. शिवाय अधिकारी लोक आपलें शस्त्र बहुधा स्वतःच्या पैशानें विकत घेत. त्यांच्यासाठीं केलेल्या मालावर हातानें बसविलेल्या भागांची आणि आरशासारख्या झिलईची चैन परवडत असे. आपल्याकडील संस्थानिकांच्या व सरदारांच्या घरीं जीं जुनीं वेब्ले आहेत, तीं बहुतेक या खाजगी मालापैकीं. त्यांची तुलना युद्धकाळच्या फौजी मालाशीं करणें म्हणजे पैठणीची तुलना घोंगडीशीं करणें होय.

खरा गोंधळ होतो तो .३८ बोअरच्या बाबतींत. महायुद्धानंतर .४५५ चें जड शस्त्र नवशिक्या शिपायांस आटोपत नाहीं असें सरकारचें मत झालें. वेब्ले कंपनीनें .३८ चा नमुना सादर केला. सरकारनें तिचें साहाय्य घेतलें खरें, पण अखेर सन १९३२ मध्यें त्याच घडणीचें रिव्हॉल्व्हर एन्फील्डच्या नांवानें स्वतःच काढलें. कंपनीनें संशोधन व आराखडा यांच्या खर्चाबद्दल २,२५० पौंडांची मागणी केली. ती नाकारण्यांत आली, व पुढें शोधकांच्या पारितोषिकांसंबंधीं नेमलेल्या शाही मंडळानें १,२५० पौंड देवविले. हें प्रकरण आम्हीं मुद्दाम सांगितलें, कारण एन्फील्डचें .३८ आणि वेब्लेचें .३८ हीं दोन वेगळीं शस्त्रें असून बाहेरून जुळ्या भावांसारखीं दिसतात, व लोक दोहोंसहि ‘वेब्ले’च म्हणतात. त्यांच्या आंतील भाग एकमेकांत बसत नाहींत.

आतां युद्धकाळांत घाईनें केलेल्या कपातीमुळें सुरक्षितता कमी झाल्याचें एक पक्कें उदाहरण आहे, आणि तें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. सन १९४२ मध्यें निघालेल्या एका प्रकारांत घोडा अवेळीं काडतुसावर आदळूं नये म्हणून असलेला अडथळा गाळण्यांत आला. असें भरलेलें शस्त्र हातांतून पडलें तर गोळी सुटण्याचें भय होतें. युद्धानंतर बहुतेक नग परत मागवून त्यांत तो अडथळा पुन्हां बसविण्यांत आला. परंतु हा प्रकार एन्फील्डचा, वेब्लेचा नव्हे. एकाचें पाप दुसऱ्याच्या माथीं मारल्याचीं उदाहरणें बखरींत आपण कितीतरी पाहतों; येथेंहि तेंच झालें आहे.

.३८ विषयींच्या दुसऱ्या तक्रारीचें स्वरूप निराळें आहे. जुन्या .४५५ ची गोळी २६५ ग्रेन वजनाची, नव्या .३८ ची आरंभीं २०० ग्रेनची, आणि पुढें शिशावर धातूचें कवच चढवितांना ती १७८ ग्रेनवर आली. हिचा आघात कमी, म्हणून माणूस लागलीच खालीं पडत नाहीं, अशी कुरकुर होती. ती खरी असूं शकेल. परंतु तो आघाताचा प्रश्न आहे, भरंवशाचा नाहीं. दरवेळीं चाप ओढतांच गोळी सुटणें ही एक गोष्ट, आणि सुटलेल्या गोळीनें काय साधलें ही दुसरी. न्यायाधीश सौम्य शिक्षा देतो म्हणून तो न्यायासनावर गैरहजर असतो असें आपण म्हणत नाहीं.

असो. आतां ‘वॉर फिनिश’ या शिलालेखाकडे वळूं. आमच्या स्नेह्यांनीं त्याचा अर्थ ‘युद्धकाळचा कनिष्ठ माल’ असा केला होता. परंतु शब्द काय आहेत तें पाहावें. फिनिश म्हणजे शेवटचा हात, बाहेरची झिलई. एवढ्याच गोष्टीविषयीं तो लेख बोलतो. युद्धकाळांत पॉलिश करण्यास वेळ व मनुष्यबळ नव्हतें. कानशीच्या व यंत्राच्या खुणा तशाच राहूं दिल्या. आणि आपल्या नांवास जपणाऱ्या कारखान्यानें, हा खडबडीतपणा आमच्या नेहमींच्या कामाचा नव्हे, हें सांगण्यासाठीं तो शिक्का ठोकला. ज्यास आपल्या मालाची लाज वाटत नाहीं तो असा खुलासा करीत बसत नाहीं, आणि ज्याचा माल आंतून सडका असेल तो बाहेरच्या दोषाकडे आपण होऊन बोट दाखवीत नाहीं. लेखनिकानें पोथीच्या शेवटीं ‘यादृशं’ म्हणून दोष आपल्या माथीं घेऊं नये अशी विनंति करावी, त्याच जातीचा हा मजकूर आहे. शिवाय या शस्त्रास शासकीय कसोटीच्या मुद्रा आहेतच. त्या अधिक दारूचें काडतूस उडवून नळी व चक्र टिकलें म्हणजेच ठोकल्या जातात. झिलई गेली, कसोटी गेली नाहीं.

न्यायशास्त्रांत ‘उपाधि’ म्हणून एक दोष सांगितला आहे. जेथें अग्नि तेथें धूर, असें कोणी म्हणूं लागला तर त्यास विचारावें कीं, ओल्या सरपणाचें काय ? धूर अग्नीमुळें येत नाहीं, ओल्या लाकडाच्या संयोगानें येतो. जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या दग्याच्या ज्या कथा ऐकूं येतात त्यांत हें ओलें सरपण म्हणजे काडतूस होय. अमेरिकेंत गेलेल्या शेंकडों सहाव्या मार्कांच्या चक्राची मागची बाजू घासून कमी करण्यांत आली, कारण .४५५ चें काडतूस तेथें दुर्मिळ व .४५ चें स्वयंचलित पिस्तुलाचें काडतूस स्वस्त. परंतु पहिल्याचा दाब दर चौरस इंचास सुमारें १३,००० पौंड, तर दुसऱ्याचा २१,००० पर्यंत. असा जोर सोसून सोसून वरचें कुलूप ढिलें झालें, चक्र हलूं लागलें, क्वचित् फुटलें. आणि दोष आला तो वेब्लेवर. पन्नास वर्षें दमट हवेंत पडलेलें काडतूस न उडालें तरीहि दोष शस्त्राचाच. याच दृष्टीनें आपल्याकडील नकलांचाहि विचार हवा. पेशावरच्या दक्षिणेस दर्रा आदमखेल येथें कानशीच्या जोरावर वेब्लेच्या हुबेहूब नकला होत आल्या आहेत. त्यांच्यावरचें इंग्रजी नांव पुष्कळदां अशुद्ध असतें. अक्षरें न वाचतां पितळी चौकटींतल्या बनावट सनदेस खरी मानणाऱ्याप्रमाणेंच अशा शस्त्राचा धनी फसतो.

किंमतीविषयीं दोन शब्द. आपल्याकडे परवानाधारकांच्या बाजारांत जुन्या वेब्लेस जबर किंमत येते आणि तीच त्याच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून सांगितली जाते. हा हेत्वाभास आहे. सैन्यांत चालणाऱ्या कित्येक बोअरांवर आपल्याकडे निर्बंध आहेत, आणि सन १९८० नंतरच्या दशकांत खाजगी आयातहि बंद झाली. माल येण्याची वाट बुजली म्हणजे आहे त्याची किंमत चढणारच. तिचा पोलादाशीं संबंध नाहीं. दुसरें असें कीं, आजपर्यंत टिकलेलीं जुनीं शस्त्रें हीं मुळांत चांगलीं म्हणून टिकलीं. फुटलेलीं व झिजलेलीं भट्टींत गेलीं. उरलेल्या दहा प्रतींवरून नष्ट झालेल्या हजारांची शुद्धता ठरविण्याची चूक आपण पोथ्यांच्या बाबतींत करीत नाहीं.

बर्मिंगहॅमच्या कारखान्याचें बंदुका व रिव्हॉल्व्हरें करण्याचें काम सन १९७९ च्या सुमारास थांबलें. हवेच्या बंदुका मात्र पुढें चालू राहिल्या. कानपूरच्या सरकारी कारखान्यांत होणारें .३२ बोअरचें रिव्हॉल्व्हर वेब्लेच्या .३८ च्या घडणीवरून घेतलेलें आहे. आणि सन २०२० मध्यें उत्तर प्रदेशांतील हरदोई जिल्ह्यांत ‘वेब्ले अँड स्कॉट’ याच नांवाखालीं .३२ चीं रिव्हॉल्व्हरें काढण्याचें जाहीर झालें. या मालाची पारख ज्यानें त्यानें स्वतंत्र करावी. नांव एक असलें तरी हात, पोलाद व काळ वेगळा आहे. एकाचें यश वा अपयश दुसऱ्यास चिकटवितां येणार नाहीं.

आमचें मत असें कीं, वेब्ले रिव्हॉल्व्हरच्या बाह्य सौंदर्याचा ऱ्हास सन १९३९ नंतर झाला, हें निर्विवाद. त्याच्या भरंवशाचा ऱ्हास झाला हें सिद्ध होत नाहीं, आणि सहा मार्कांच्या सुधारणा पाहतां उलट पक्षच बळकट दिसतो. सदर गृहस्थांस आम्हीं एवढेंच कळविलें कीं, दुसऱ्या शस्त्रास कानस लावूं नये. अनुक्रमांक व ओळखीच्या मुद्रा पुसणें सन १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें गुन्हा आहे, आणि घासतांना त्या कोठवर जातील याचा नेम नसतो, हें तर झालेंच. परंतु तो कायदा नसता तरीहि, त्या दोन शब्दांइतका प्रामाणिक असा दुसरा लेख त्यांच्या सबंध संग्रहांत नाहीं. त्यांनीं कारागिरास परत पाठविल्याचें कळतें.

ज्या वाचकांच्या दप्तरांत मुंबई-पुण्याच्या जुन्या शस्त्रविक्रेत्यांच्या पावत्या, दुरुस्तीचीं बिलें, किंवा संस्थानी शिलेखान्यांच्या याद्या असतील, त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. नक्कल करतांना मार्क, कारखान्याचें नांव, कसोटीच्या मुद्रा, चक्राची मागची बाजू घासलेली आहे कीं नाहीं, आणि भाग कोणी व केव्हां बदलले, एवढ्या गोष्टी जशाच्या तशा उतरून घ्याव्या. अशुद्ध अक्षर दिसल्यास तें शुद्ध करूं नये. दुरुस्तीच्या बिलांची आम्हांस विशेष गरज आहे, कारण शस्त्र कितीदां बिघडलें हें मालकाच्या आठवणीपेक्षां लोहाराची वही अधिक नेमकें सांगते.